दुपारी सैन्य हलत नाही

सातवा भाग येतोय.
अकरा वर्षांनी. तारीख नाही, नुसता महिना सांगितलाय,
तोही त्यांच्याकडचा, ज्यात बर्फ पडतो.

तौसीफनं बर्डीवरून फोन केला,
"पाह्यलं का बे? एक मिनिट बावीस सेकंद."
मी लॅबमध्ये होते, रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवत.
एक हातमोजा काढला, आवाज बंद करून पाहिलं.
जहाजं. एक जळणारं धान्याचं कोठार.
एक राणी, जिचं नाक चौथ्या भागातल्या राणीचं नाही
(यावर रात्री दोन तास भांडण).

आम्ही त्याला त्याच्या नावानं हाक मारत नाही,
नुसतं राज्य म्हणतो.
"राज्य लावलं का?" "राज्य अडकलं बे, रीस्टार्ट मार."
पहिलं राज्य सक्करदऱ्यात, बोकडे काकांच्या सायबरमध्ये,
तासाला पंधरा रुपये, आणि मे महिन्यात
बारा ते चार फुकट,
कारण त्या वेळी तिथलं कुत्रंसुद्धा
नालीतून उठत नाही.
कूलरमध्ये बादलीनं पाणी भरायचं काम आमचं,
बदल्यात पृथ्वी आमची.
घरी सांगायचे, टायपिंग शिकते.

सुगत गजभिये कधीच जिंकला नाही.
तो रस्ते बांधायचा. विहिरी खोदायचा.
तौसीफच्या हत्तींनी त्याची राजधानी तीनदा तुडवली,
तिन्ही वेळा तो म्हणाला,
"घे. पण पाणी कुठून आणशील?"

आणि दुसऱ्या भागापासून कंपनीला पत्र.
पोस्टाचं, जीपीओच्या खिडकीवर वजन करून,
इंग्रजी माझं, मुद्दा त्याचा.
मुद्दा एकच: उन्हाळ्यात दुपारी सैन्य हलू नये.
तुमचा घोडा भर उन्हात न थांबता वाळवंट ओलांडतो.
हे ज्यानं लिहिलं त्याला एकदा नागपूरला पाठवा,
मे महिन्यात. राहायची सोय आमच्याकडे.

पाच भाग, पाच पत्रं.
उत्तर एकदा आलं. छापील आभार आणि एक स्टिकर.
तो अजून त्याच्या स्कूटरच्या डिकीवर आहे,
तलवार उडालीय, मूठ तेवढी राहिली.

आता सुगत वीज कंपनीत आहे,
दुपारी तापलेल्या ट्रान्सफॉर्मरसमोर
कूलर लावून उभा असतो.
तौसीफ सांगतो, जुन्या मशीनवर सातवा चालणार नाही,
आणि कार्डाचा भाव सांगताना
मित्र असूनही डोळे मिटून घेतो.
बोकडे काका भेटले परवा, गोकुळपेठेत, भाजी घेताना.
"कितवा म्हणतेस?"
"सातवा."
"म्हणजे अजून जिंकलेच नाही का तुम्ही पोट्टे?"

त्या रात्री अकरा पन्नासला सुगतचा मेसेज:
सत्तावन्नावा सेकंद. थांबव. उजवा कोपरा.
किल्ल्याच्या मागे, नखाएवढ्या जागेत,
झाडाखाली बसलेलं सैन्य.
भाले खोडाला टेकवलेले.
सावल्या पायांशी गोळा झालेल्या, म्हणजे बारा वाजलेले.
एकजण डोक्याचं फडकं सोडून वारा घेतोय.

"बग आहे बे," तौसीफ म्हणाला.
"अडकलेत. पाचव्यातही असेच अडकायचे."
मी म्हटलं, अडकलेला माणूस फडक्यानं वारा घेत नाही.
सुगत काहीच बोलला नाही.
चित्र मोठं करत गेला, मोठं करत गेला,
शेवटी झाडाचे नुसते हिरवे चौकोन राहिले
आणि माणसांचे मातकट.

त्यानंतर आठ दिवस
मी रोज जेवणाच्या सुट्टीत तो सेकंद लावते.
लॅबच्या काचेबाहेर रस्ता रिकामा,
सिग्नल कुणासाठी नाही तरी लाल होतो, हिरवा होतो.

काल सुगतनं सहावं पत्र लिहायला घेतलं.
खेळ यायच्या आधीच.
पहिली ओळ इंग्रजी करायला माझ्याकडे पाठवली:
ते झाडाखाली बसलेले दिसले, बरं वाटलं.
पण त्यांना पाणी कोण नेऊन देतं,
ते दिसलं नाही.